डाव्या सीटवरचं रक्त

३ जानेवारी

प्रिय ठोक्या,

आशीर्वाद शेवटी मिळतील, आधी बोलणी खा. फोनवर तू नुसतं "हं हं" करतोस आणि मागे पत्र्यावर तुझी हातोडी चालूच असते. म्हणून कागद घेतला. कागदाशी "हं हं" करून सुटका होत नाही.

बातमी अशी की जुन्या गाड्यांच्या रॅलीत आम्ही दोघं नाव देतोय. तीन फेऱ्या आहेत: फेब्रुवारीत एक, एप्रिलमध्ये एक, जूनमध्ये शेवटची. तुला वाटेल शर्यत आहे, जो पहिला पोचेल तो जिंकला. तसं नाही रे. प्रत्येक टप्प्याला वेग ठरवून देतात, समज ताशी बत्तीस, आणि बरोबर तेवढ्याच सरासरीने जायचं. रस्त्यात झाडाआड, टपरीमागे वेळ घेणारे लपून बसतात. उशीर झाला तर सेकंदाला एक गुण कापतात, लवकर पोचलात तर दोन. दोघांचा संघ असतो. एकाने चालवायचं, दुसऱ्याने वाटाड्या व्हायचं. म्हणजे मांडीवर वही आणि घड्याळ घेऊन वळणं सांगायची आणि किती सेकंद पुढेमागे आहोत ते मोजत राहायचं. यांच्यासारखा नकाशे काढणारा माणूस घरात असताना आपण हरायचं काही कारण आहे का?

तर गाडी दे. अप्पांची म्हातारी तुझ्या गॅरेजात ताडपत्रीखाली बसून काय करतेय? तुझी जेवढी, तेवढीच माझीही आहे ती. पन्नाशी आली माझी, एकदा तरी तिच्यात बसून गावाबाहेर जाऊ दे.

आता आशीर्वाद घे. अंघोळ करत जा.

तुझी ताई

१४ जानेवारी

ताई,

बोलणी खाल्ली, पोट भरलं.

म्हातारी मी उघडली. झडपा घासल्या, ब्रेकचे पट्टे नवे लावले. ती अजून तशीच आहे, पहाटे नीट बोलावलं तर उठते, ओरडलं तर उठत नाही. ट्रकवर चढवून पुढच्या आठवड्यात पाठवतो.

पण माझी एक अट आहे, आणि ती तुला माहीत आहे. स्टिअरिंगला तू हात लावायचा नाहीस. भाओजी चालवतील, तू वाटाड्या. हे मी गंमत म्हणून लिहीत नाही. तू एकोणीस वर्षांची होतीस तो दिवस मला अजून दिसतो. अप्पांनी आईला पट्ट्याने मारलं आणि शांतपणे फाटक लावायला बाहेर गेले. अंगणात हीच गाडी चालू ठेवलेली होती, तू तिच्यात बसलीस आणि फाटकासकट त्यांच्यावर घातलीस. त्यांच्या तीन फासळ्या मोडल्या. त्यानंतर त्यांनी कुणावर हात उगारला नाही हे खरं, पण तू गाडीतून उतरलीस तेव्हाचा तुझा चेहरा मी पाहिला होता. तुझा राग स्टिअरिंगवर नको. भाओजींचा स्वभाव मुंगीला वाट देणारा आहे, त्यांच्या हातात गाडी सुखात राहील.

दुसरं, हँडल. हिला बटणाचा स्टार्टर नाही, पुढून लोखंडी हँडल घालून फिरवावं लागतं. स्टिअरिंगखाली टायमिंगची दांडी आहे. सुरू करताना ती पूर्ण मागे ओढून ठेवायची, म्हणजे ठिणगी उशिरा पडते. चुकून पुढे राहिली तर ठिणगी लवकर पडते, इंजिन उलटा झटका देतं आणि हँडल फिरवणाऱ्याचा हात मोडतं. माझ्या उस्तादाचं मनगट असंच गेलं होतं. एकाने सीटवर बसून दांडी धरायची, दुसऱ्याने हँडल मारायचं.

शब्द दे, मग गाडी निघेल.

ठोक्या

१२ फेब्रुवारी

प्रिय ठोक्या,

शब्द पाळला. आणि तुझी म्हातारी धावली रे! एकोणीस गाड्यांत आम्ही सहावे.

हे स्टिअरिंगवर, मी डावीकडे. यांनी आदल्या आठवड्यात सगळा मार्ग वहीत स्वतःच्या हाताने काढून ठेवला होता. काय ती अक्षरं, काय त्या रेघा! प्रत्येक वळण, प्रत्येक पूल, पुलाच्या कठड्याचे खांब किती ते सुद्धा. हँडल मात्र हेच मारतात. मी तेवढ्यापुरती सरकून दांडी धरते आणि मग आपल्या जागी येते. काळजी नको.

पण तुला जे सांगायला पत्र लिहायला घेतलं ते वेगळंच. आमच्या पुढे एक लाल दोन सीटची गाडी होती. तिच्यात एक दातांचे डॉक्टर आणि त्यांचा मेव्हणा. अरुंद पुलावर त्या दोघांनी आम्हाला मुद्दाम कठड्याकडे दाबलं. आपला मडगार्ड खरवडला, मागचं चाक हवेत गेलं, खाली नदी. त्यात आमचे नऊ सेकंद गेले. वर तो डॉक्टर मागे बघून हसला.

पुढच्या थांब्यावर चहा होता. हे उतरले, कुणाशी न बोलता सरळ त्या लाल गाडीपाशी गेले, डॉक्टरांची कॉलर धरली आणि दारावरून अर्धं बाहेर ओढून तोंडावर दोन ठोसे दिले. दातांच्या डॉक्टरांचाच दात पडला! मेव्हणा मध्ये आला तर त्याला कोपराने असा हाणला की तो बसला खालीच, नाक धरून. बोटांतून रक्त गळतंय. चार माणसांनी धरून ओढलं तेव्हा कुठे सुटका. समितीने ताकीद दिली आणि पंधरा गुण कापले, नाहीतर आम्ही तिसरे होतो.

तू म्हणशील, भाओजी आणि मारामारी? पण खरं सांगू, ते ठोसे बसले तेव्हा मला बरं वाटलं. छातीत इतकी वर्षं काहीतरी आवळून धरलेलं सैल झाल्यासारखं वाटलं.

मडगार्ड ठोकून घ्यावा लागेल. दुसऱ्या फेरीनंतर पाठवते.

ताई

२० एप्रिल

ताई,

गाडी परवा आली. रेडिएटर गळतोय, मडगार्ड चेपलाय. ते होईल. मी त्याबद्दल लिहीत नाहीये.

मी डावी सीट सोडवली, कारण खालची पट्टी सैल होती. शिवणीत रक्त सुकून बसलंय. थेंब दोन थेंब नाही, पाणी लावलं तर बादली लाल झाली. समोरच्या लाकडी फळीला डाव्या बाजूला, बसलेल्या माणसाचं डोकं येतं तिथे खोक पडलीय. घड्याळाची काच फुटलेली. आणि पायाखालच्या जाळीत मला दाताचा तुकडा सापडला. डॉक्टरांचा म्हणू नकोस. ते त्यांच्या गाडीत मार खात होते आणि हा तुकडा आपल्या गाडीत आहे.

दुसऱ्या फेरीचं तू चिठ्ठीवर एकच वाक्य लिहिलंस. "एक वळण चुकलं, अकरा सेकंद गेले, चौथे आलो." एरवी तू चुकलेल्या वळणावर चार पानं लिहिली असतीस.

काल दुपारी तीनला फोन केला. भाओजींनी उचलला. तोंडात काहीतरी धरल्यासारखे बोलत होते, शब्द धड उमटत नव्हते. म्हणाले, तू झोपली आहेस. भरदुपारी पितात का आता ते? आणि तू दुपारची कधी झोपायला लागलीस?

वाटाड्याने वळण चुकवलं की चालवणारा काय करतो, ताई? सरळ विचारतो, सरळ सांग. भाओजी तुला मारतात का?

तू माझ्यासाठी अप्पांचा मार खायचीस. मी कपाटामागे उभा राहून तुझे फटके मोजायचो. एकदा एकोणतीस मोजले होते. ते मी कुणाला सांगितलेलं नाही. आता मी चाळीस वर्षांचा आहे आणि कपाटामागे मावत नाही.

ठोक्या

२७ एप्रिल

ठोक्या,

तुझं पत्र वाचलं आणि मोरीत जाऊन नळ सोडून रडले. इतकी माया करतोस माझ्यावर, मला ठाऊकच नव्हतं.

काय सांगू? संसार म्हटला की भांड्याला भांडं लागायचंच. दात लहानपणापासून किडकाच होता, निमित्त झालं. घरी सगळं ठीक असतं. गाडीत बसलं की काय होतं कोण जाणे. घड्याळाचा काटा पळत असतो, एक वळण चुकतं आणि तळपायाची आग मस्तकात जाते. हात आधी उठतो, कळतं मागाहून. मग घरी आल्यावर पायाशी बसून माफी मागणं, पुन्हा होणार नाही म्हणून शपथा घेणं, जखमेला मलम लावणं, सगळं होतं. आणि खरंच वाटतं की पुन्हा होणार नाही. स्वभाव वाईट नाही रे. हात वाईट आहे. अप्पांसारखा.

शेवटची फेरी तेवढी होऊ दे. दोन्ही फेऱ्यांचे गुण मिळवून आम्ही दुसरे आहोत आता, वरच्या गाडीत आणि आमच्यात फक्त सात गुण आहेत. ही रॅली जिंकली की सगळं शांत होईल असं मला आतून वाटतं. तू यात पडू नकोस. झाकली मूठ झाकलेलीच राहू दे.

गाडी वेळेवर पाठव.

ताई

१८ मे

ताई,

गाडी फेरीच्या आदल्या रात्री ट्रकवर चढेल. ट्रकवाल्याला सरळ सुरुवातीच्या मैदानावर उतरवायला सांगितलंय, घरी नेऊ नका म्हटलंय. रेडिएटर नवा आहे. डावी सीट मी नव्या कापडाने मढवली. जुनं कापड जाळलं.

तुझं पत्र दहा वेळा वाचलं. "हात वाईट आहे" हे वाक्य मी स्पॅनर हातात घेऊन वाचलं आणि स्पॅनर भिंतीवर इतक्या जोराने मारला की प्लास्टर पडलं. मग मला कळलं की मला नेमकं काय करायचंय, आणि मी शांत झालो.

जूनमध्ये हँडल त्यांनीच मारायचं. नेहमीसारखं. तू सीटवर बस, दांडी मागे ओढ आणि खाली उतरू नकोस. गाडीच्या पुढे जाऊ नकोस. हँडलला तू बोटसुद्धा लावायचं नाहीस, ते म्हणाले तरी नाही, चिडले तरी नाही. एवढं माझं ऐक. मी तुझ्याकडे आजवर काही मागितलेलं नाही.

त्यानंतर मग तुझ्या अंगावर कुणाचा हात येणार नाही.

ठोक्या

९ जून

ठोक्या,

हे पत्र उभ्याने वाचू नकोस, बस.

परवा सकाळी सुरुवातीच्या रेषेवर सुटायच्या रांगेत आम्ही पाचवे होतो. मी सीटवर, दांडी मागे, अगदी खुंटीला टेकवलेली. यांनी हँडल घातलं, दोनदा फिरवलं, काही झालं नाही. तिसऱ्यांदा जोर लावला आणि बंदुकीसारखा आवाज झाला. हँडल उलटं फिरलं. त्यांचा हात कोपराच्या खाली जिथे वाकू नये तिथे वाकला. हाड शर्टाच्या बाहीतून बाहेर आलं, ठोक्या. पांढरं. हँडल सुटून हनुवटीवर बसलं आणि ते गुडघ्यांवर आले. रक्त बॉनेटवर, नंबराच्या पाटीवर, माझ्या चपलेवर. झेंडा घेऊन उभा असलेला माणूस ओकला.

ते ओरडले नाहीत. मी धावत गेले तर वर बघून एवढंच म्हणाले, "तू दांडी पुढे केलीस ना?"

मी नाही रे केली! आईशपथ नाही. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना काहीएक केलेलं नव्हतं आणि ते मला घाबरून मोडका हात छातीशी घेऊन मागे सरकत होते. दोनशे माणसांसमोर.

आता तुला सांगते ते ऐक. पहिल्या दिवसापासून स्टिअरिंगवर मी होते. शब्द दिला आणि गाडी ट्रकवरून उतरल्या उतरल्या मोडला. दातांच्या डॉक्टरांना ठोसे मी दिले, त्यांच्या मेव्हण्याला कोपर मी मारलं. हे टपरीत चहाचे दोन कप धरून उभे होते. तुला खरं लिहिलं असतं तर तू गाडी परत नेली असतीस, म्हणून माझ्या जागी त्यांना घातलं. लिहिताना मजा वाटली. मुळमुळीत नवऱ्याला जरा मर्द करून टाकला.

डाव्या सीटवरचं रक्त त्यांचं. दात त्यांचा. दुसऱ्या फेरीत मी आधीच्या वळणावर इतकी ओरडले होते की पुढचं वळण आलं तेव्हा भीतीने त्यांच्या तोंडातून आवाजच फुटला नाही. वळण गेलं. गाडी ताशी चाळीसवर होती. उजव्या हातात स्टिअरिंग ठेवून डाव्या हाताने मी त्यांचे केस धरले आणि तोंड समोरच्या फळीवर आपटलं. तीनदा. गाडी न थांबवता. सरासरी बिघडू नये म्हणून. नंतर त्यांनी रुमाल तोंडाला धरून मला उरलेली सगळी वळणं बरोबर सांगितली. तू फोन केलास तेव्हा ते प्यायलेले नव्हते, ओठ शिवलेला होता.

आणि हे गाडीतलंच नाही. गाडीच्या आधीचं आहे, नऊ वर्षांचं. फुंकणी, पातेलं, दाराची कडी. अप्पांचा हात तुझ्याकडे आला नाही, माझ्याकडे आला.

तू विचारलंस तेव्हा सांगायला हवं होतं. पण तू "भाओजी तुला मारतात का" असं लिहिलंस आणि मला इतकं बरं वाटलं. लहानपणी मार खात होते तेव्हा कुणीच विचारलं नव्हतं. वाटलं, घेऊ दे थोडी माया फुकटची. म्हणून नाही म्हटलं नाही.

ते दवाखान्यातून घरी आलेच नाहीत. थोरल्या बहिणीकडे गेले. अक्का दारातच म्हणाली, पाऊल टाकलंस तर तंगडी मोडेन. त्यांना वाटतंय की मी मुद्दाम केलं. नऊ वर्षांचं सगळं कबूल आहे मला, पायावर डोकं ठेवून कबूल करीन, पण हे मी केलेलं नाही. तू मेकॅनिक आहेस, तुझ्या शब्दाला वजन आहे. दांडी पूर्ण मागे असताना उलटा झटका बसू शकतो का? बसू शकत असेल तर तसं दोन ओळींत लिहून दे. मी ते पत्र अक्काच्या दारात नेऊन ठेवते. त्यांच्याशिवाय मी काय आहे मला माहीत नाही, आणि तुझ्या दोन ओळींशिवाय ते परत येणार नाहीत.

ताई

१६ जून

ताई,

बसू शकतो. मी तशी सोय केली होती.

दांडीच्या खालची सळई मी उलटी जोडली. तू मागे ओढलीस की ठिणगी पुढे जाणार. गॅरेजात तीन वेळा बघून घेतलं, हँडलला दोर बांधून, लांब उभा राहून. तिसऱ्यांदा झटका असा बसला की दोर तुटला. मी खूश झालो. म्हटलं, ताईवर उठणारा हात एकदाच जाईल, कायमचा. तू सीटवर असशील म्हणजे तुला धोका नाही. सगळा हिशोब केला होता मी. फक्त माणूस चुकला. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ते हेच. आणि चोर माझी बहीण होती, तिच्यासाठीच सुळी उभारली होती.

तुझं पत्र आल्यापासून मी गॅरेज उघडलेलं नाही. तुला शिव्या लिहायला बसलो आणि कागद फाडले. तू खोटं लिहिलंस, पण सळई मी फिरवली. मला कुणी फिरवायला सांगितली नव्हती. गॅरेजातून त्यांना एक फोन करून विचारता आलं असतं. मला विचारायचं नव्हतं, मला मोडायचं होतं. म्हणजे अप्पांचा हात माझ्याकडेही आलाय, फक्त माझ्या हातात स्पॅनर असतो.

हे पत्र त्यांना दे. आधीची सगळी पत्रं पण दे, तुझी माझ्याकडे आहेत ती सोबत पाठवतोय. दांडी तू पुढे केली नव्हतीस. एवढं एक तुझ्या बाजूने खरं आहे.

ठोक्या

४ जुलै

मेव्हणे,

हे पत्र मी सांगतोय आणि अक्का लिहून घेतेय. अक्षर तिचं आहे. मधे तिने दोनदा पेन खाली ठेवलं आणि तुम्हा दोघांना जे म्हणायचं ते म्हणून घेतलं. ते मी लिहू दिलेलं नाही.

तुमच्या ताईने पत्रांचा गठ्ठा दारात ठेवला आणि फाटकाबाहेर उभी राहिली. मी सगळी पत्रं एका बैठकीत वाचली. त्यांतला तो माणूस, कॉलर धरणारा, कोपर मारणारा, बायकोचं डोकं आपटणारा, तो मला चांगलाच कळला. त्याचा हात मोडला असता तर मलाही वाईट वाटलं नसतं. तुमचा राग मला समजतो, त्यात खोट नाही. पण रक्ताचे डाग, काच, दाताचा तुकडा आणि तिचं एक आडवळणाचं पत्र एवढ्यावरून तुम्ही सुतावरून स्वर्ग गाठलात. फोनवर मी होतो तेव्हा एकदा तरी विचारायचं होतं, "भाओजी, बरे आहात ना?" मी कदाचित सांगितलं असतं. कदाचित नसतंही. नऊ वर्षं मला कुणी विचारलं नाही आणि मी कुणाला सांगितलं नाही. पुरुषाने कुठल्या तोंडाने सांगायचं? शेजारी हसले असते.

हात जुळलाय. दोन बोटं मिटत नाहीत. डॉक्टर म्हणतात चमचा धरता येईल, टाक धरता येणार नाही. कार्यालयात माझ्या टेबलावर दुसरा माणूस बसवलाय. त्याची रेघ जाड येते.

दांडी तिने पुढे केली नव्हती, हे मी मानलं. तिला फाटकाशी जाऊन तसं सांगितलंही. ती तिथेच खाली बसली, म्हणाली, मग आता घरी चला. ती ज्या पद्धतीने म्हणाली ना, मेव्हणे, अगदी मनापासून, रडत, हात जोडून. मार खाऊन मी घराबाहेर जाऊन बसलो की असं ती दर वेळी म्हणायची. आणि दर वेळी मी चपला घालायचो. या वेळीही माझा पाय चपलेत गेला होता. अक्काने मागून दंड धरला म्हणून थांबलो, नाहीतर हे पत्र तुम्हाला तिच्या घरातून आलं असतं, किंवा आलंच नसतं.

दुसऱ्या दिवशी मी पोलीस चौकीत गेलो. फौजदार तरुण आहेत. दवाखान्याचा कागद बघून म्हणाले, गाडी सुरू करताना अपघात झाला असं इथे लिहिलंय, मग तक्रार कुणाविरुद्ध? मी पत्रांचा गठ्ठा त्यांच्या टेबलावर ठेवला. त्यांनी वरचं पत्र उचललं, थोडं वाचलं, माझ्या हाताकडे पाहिलं, मग माझ्या तोंडाकडे, आणि पेनाचं टोपण काढलं. म्हणाले, "मारणाऱ्याचं नाव सांगा."

मी म्हटलं, "दोघं आहेत. पहिलं नाव माझ्या बायकोचं लिहा."